सुरतेचा रक्तदाब

सुरत हे नाव कानांवर पडले की मराठी माणसाला प्रथम आठवतात त्या शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० मधील दोन स्वाऱ्या. इतिहासाची आणखी काही पाने उलटली की आठवते १९०७ च्या डिसेंबरातील ती काँग्रेस, जिच्या मंडपात लोकमान्यांचा पक्ष आणि नेमस्तांचा पक्ष यांची फारकत झाली आणि ती मिटावयास १९१६ च्या लखनौ अधिवेशनाची वाट पाहावी लागली. आज आम्ही सुरतेविषयी लिहीत आहोत ते मात्र अशा कोणत्याही तेजस्वी प्रसंगानिमित्त नव्हे. आमचा आजचा विषय आहे दंडाला बांधावयाचा एक पट्टा, मजुराच्या खिशातील मोबाइल फोन आणि रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यावयाची एक लहानशी गोळी. या तीन क्षुल्लक वस्तू एकत्र आल्या तर सुरतेतील कितीतरी मराठी संसार अकाली उघड्यावर पडावयाचे वाचतील. आज त्या एकत्र येत नाहीत. कां येत नाहीत, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच. गोमंतकातील माणसाला सुरतेचे काय, असे कोणाच्या मनात आले तर त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

सुरतेला आजाराची भीती ठाऊक नाही असे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात त्या शहरात प्लेगची बातमी पसरली आणि थोड्याच दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी महापालिकेचे आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. ज्या शहराच्या घाणीच्या कथा देशभर सांगितल्या जात होत्या त्या शहराने स्वच्छतेचा असा ध्यास घेतला, की २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने त्याला पहिला क्रमांक मिळाला. एका साथीने शहर शहाणे झाले. परंतु रक्तदाबाची जातच निराळी. प्लेगचा रोगी चार दिवसांत दगावतो आणि जाताना शेजाऱ्याला घेऊन जाण्याचा धाक घालतो. म्हणून नगरपिते जागे होतात. रक्तदाबाचा रोगी दहा-पंधरा वर्षे हिंडता-फिरता असतो, पाळी भरतो, लग्नांना जातो, कधी डोके दुखले तर चहा पितो आणि एके दिवशी कामावरच कोसळतो. नोंद होते ती पक्षाघाताची किंवा हृदयविकाराची. शेजारी हळहळतात, मालक दुसरा कारागीर लावतो. त्याच्या मरणाने घाबरून कोणी गाडी पकडीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सप्टेंबरात उच्च रक्तदाबावरील आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८३ लाख लोकांना हा विकार असावा, असा त्यातील अंदाज आहे. या शंभरांपैकी ३७ जणांना आपल्या विकाराचे निदान झालेले आहे, ३० जण औषध घेतात, आणि ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे असे फक्त १५. पहिल्या आकड्यावर सभा-संमेलनांतून पुष्कळ बोलले जाते. तपासणीची शिबिरे भरतात, पुढाऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधलेली छायाचित्रे आम्ही वर्तमानपत्रवालेही हौसेने छापतो. आमचे लक्ष वेधले ते शेवटच्या दोन आकड्यांनी. तीस जण औषधापर्यंत पोहोचले आणि त्यांतले निम्मेच सावरले. उरलेले निम्मे सापडलेले होते; त्यांच्या नावाचा केसपेपर निघाला होता, चिठ्ठी लिहिली गेली होती. शिबिरांनी हे पंधरा जण परत येणार नाहीत. ते तपासणीच्या अभावी हुकलेले नाहीत; ते पाठपुराव्याच्या अभावी हुकलेले आहेत.

आता सुरतेकडे वळू. २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर वस्ती असलेल्या या शहरात मराठी माणसांची गणती लाखांनी करावी लागते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून फिरले तर दुकानांच्या पाट्या गुजराती असल्या तरी ओट्यांवरचे बोलणे अहिराणी ऐकू येते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून तापी खोऱ्याच्या रेल्वेने माणसे येत गेली, वसत गेली. त्यांच्यातून नगरसेवक झाले, आमदार झाले, खासदार झाले. पण पहिल्या पिढीचा जो मनुष्य आज यंत्रमागावर उभा आहे त्याचे जिणे या वैभवापासून दूर आहे. बारा-बारा तासांची पाळी, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, आणि कित्येक ठिकाणी हजेरीपटावर नावसुद्धा नाही. सरकारी दवाखाना उघडतो तेव्हा दिवसपाळीचा मजूर मागापाशी असतो आणि रातपाळीचा मजूर झोपलेला असतो. दवाखान्यात जायचे म्हणजे अर्धा दिवस बुडाला, आणि अर्धा दिवस म्हणजे इतके मीटर कापड. ज्याला काहीच दुखत नाही असा मनुष्य एवढी किंमत मोजून, रांगेत उभा राहून, महिन्याच्या गोळ्या आणावयास जाईल, ही अपेक्षा ज्यांनी बांधली त्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिलेला नसावा.

तरीही कोणी जातो, गोळी सुरू होते. मग ती सुटते कां? अडाणीपणा, निष्काळजीपणा असली उत्तरे सुशिक्षितांच्या जिभेवर तयार असतात. आम्हांला ती मान्य नाहीत. गोळी सुटण्यामागे पुष्कळदा अगदी रोकडे कारण असते, आणि ते रोग्याच्या कामाशी निगडित असते. अॅम्लोडिपिन हे या विकारावरील फार उपयुक्त आणि स्वस्त औषध. परंतु काही जणांच्या पावलांना त्याने सूज येते, आणि बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला ती अधिक जाणवते. चप्पल घट्ट होते, तो गोळी बंद करतो. क्लोरथॅलिडोनसारख्या औषधाने लघवीला वारंवार जावे लागते. चालू माग सोडून वारंवार जाणार कसे? एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. धाग्याच्या कोंड्यात वावरणारा मजूर तो कोंड्याचा खोकला समजतो, मुकादम क्षयाचा समजतो, आणि गोळीचा समजावयास जो डॉक्टर हवा तो समोर नसतो. यांतील प्रत्येक अडचणीवर उपाय आहे. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, दुसरे जोडता येते, गोळीची वेळ फिरविता येते. पाच मिनिटांचे बोलणे पुरे. हे बोलणे घडत नाही म्हणून गोळी सुटते, आणि गोळी सुटल्याचे कोणाला कळतही नाही.

हे पाच मिनिटांचे बोलणे फोनवर होऊ शकते, एवढाच टेलिमेडिसिन या भारदस्त शब्दाचा आमच्या लेखी अर्थ. एके काळी घरात तार आली की ती उघडण्यापूर्वीच बायका रडू लागत. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली तेव्हा तिच्यासाठी फार कोणी रडले नाही. दूरच्या माणसाकडून यंत्राने आलेली वार्ता ही आजाराची किंवा मरणाची, अशी आपल्या दोन-तीन पिढ्यांची समजूत होती. त्याच वाटेने औषधयोजनाही येऊ शकते हे पचनी पडावयास वेळ लागला. हा प्रयोग देशात नवा नाही. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यात २००० साली असे केंद्र सुरू झाले, पुढे उपग्रहाच्या साहाय्याने दूरदूरची रुग्णालये जोडली गेली. परंतु त्याला कायद्याची स्पष्ट चौकट लाभली ती २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे करोनाच्या टाळेबंदीचा जो पहिला दिवस त्याच दिवशी. देश घरात कोंडला गेला आणि डॉक्टरांना रोग्याशी दुरून बोलण्याची रीतसर मुभा मिळाली.

ही मार्गदर्शक तत्त्वे आम्ही मुद्दाम वाचली, आणि त्यांत रक्तदाबाचा उल्लेख आहे हे पाहून आम्हांला समाधान वाटले. नोंदणीकृत डॉक्टर भारताच्या कोणत्याही भागातील रोग्याला दुरून सल्ला देऊ शकतो, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. समक्ष तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच विकारासाठी पुन्हा सल्ला घेतला तर तो पाठपुरावा धरला जातो, आणि रक्तदाब, मधुमेह, दमा अशा जुनाट विकारांची चालू औषधे डॉक्टरने दुरूनच पुन्हा लिहून द्यावी अशी सोय आहे. इतकेच नव्हे, तर अॅटेनोलॉल चालू असून रक्तदाब उतरत नसेल तर एनालाप्रिलसारखे दुसरे औषध जोडता येईल, हे उदाहरणादाखल तेथे नमूद केले आहे. सरकारची ‘ई-संजीवनी’ ही विनामूल्य सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, २०२० च्या एप्रिलपासून रोग्याला घरूनही ती घेता येऊ लागली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीतच तिच्याद्वारे झालेल्या सल्लामसलतींची संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ती घडविली आहे. म्हणजे यंत्र आहे, कायदा आहे, डॉक्टर आहे, आणि मजुराच्या खिशात फोनही आहे.

मग घोडे अडले कोठे? येथे उत्साही मंडळींना थोडे थांबवणे आम्हांला भाग आहे. फोन जोडला की रक्तदाब उतरतो असा जो समज पसरविला जात आहे त्याला शास्त्राचा आधार नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ४५० रोग्यांवर एक पद्धतशीर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोगी घरी रक्तदाब मोजत, आकडे यंत्रानेच औषधतज्ज्ञाकडे जात, औषधतज्ज्ञ फोनवर बोले आणि ठरलेल्या नियमांनुसार औषधाची मात्राही बदले. सहाव्या आणि बाराव्या अशा दोन्ही महिन्यांच्या मोजणीत रक्तदाब आटोक्यात असलेले या गटात शंभरांत ५७ निघाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३०. डोळे दिपविणारा फरक. पण प्रयोग संपल्यावर काही वर्षांनी, साडेचार वर्षांच्या सुमारास, पुन्हा मोजले तेव्हा हा फरक उरला नव्हता. फोन थांबला, फायदा ओसरला. इंग्लंडमधील २०१८ च्या प्रयोगात ज्यांनी घरी मोजून आकडे डॉक्टरला कळविले त्यांचा वरचा रक्तदाब वर्षअखेर सरासरी १३७ च्या आसपास आला, नेहमीच्या पद्धतीत तो १४० च्या वर राहिला. गंमत अशी, की आकडे कागदावर लिहून पाठविणारे आणि मोबाइलवरून धाडणारे या दोघांत वर्षअखेरीस फरक जवळजवळ नव्हता. आपल्याच देशात हरियाना आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत परिचारिकांच्या हाती संगणकाची पाटी देऊन पाहिले; रक्तदाब उतरला खरा, पण ज्या केंद्रांत यंत्राविना नुसते प्रशिक्षण आणि तक्ते दिले होते तेथेही तो तितकाच उतरला.

या तिन्ही प्रयोगांतून आम्हांला जे दिसते ते असे, की गुण यंत्राचा नसून नियमाने मोजण्याचा, मोजल्यावर औषध बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसाचा आणि ते अखंड चालू राहण्याचा आहे. फोन हा धागा आहे. धाग्याची दोन्ही टोके कोणाच्या तरी हातांत असली पाहिजेत. मागावर काम करणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सुटलेल्या धाग्याने कापडाला काय होते ते तो रोज पाहतो.

पहिले टोक म्हणजे मोजणी. रक्तदाब न मोजता रक्तदाबाविषयी फोनवर बोलणे हे तराजूवाचून वाणसामान तोलण्यासारखे आहे. आणि मोजणी ही दिसते तितकी सोपी नाही. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीला लागलेले असावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, लघवी करून यावे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नसावी, मोजताना बोलू नये. मागाच्या खडखडाटातून बाहेर आलेल्या, मावा चघळणाऱ्या मजुराला उभ्या-उभ्या पट्टा बांधून जो आकडा काढतात त्यावर औषध ठरविणे धोक्याचे. म्हणून आमचे म्हणणे असे, की रोग्याच्या एकट्याच्या फोनपेक्षा आरोग्य केंद्रातील परिचारिकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रोग्याला समोर बसवून, नीट मोजून, मग डॉक्टरशी गाठ घालून द्यावी, ही जी ‘ई-संजीवनी’तील दुसरी पद्धत आहे तीच रक्तदाबासाठी अधिक योग्य होय. फक्त ती परिचारिका सकाळी नव्हे तर पाळी बदलण्याच्या वेळी उधन्याच्या कारखान्यांच्या आळीत बसलेली हवी. आणि तिची नोंदवही मालकाच्या कचेरीत जाता कामा नये. आपला आजार मालकाला कळला तर आपल्याला काढून दुसरा माणूस लावतील, ही मजुराची भीती खोटी नव्हे.

स्त्रियांचे काय, हा प्रश्न येथे कोणी विचारीत नाही म्हणून आम्ही विचारतो. याच वस्त्यांतून घरोघर बायका साड्यांचे धागे कापतात, टिकल्या-खडे चिकटवतात. त्यांनाही रक्तदाब असतो, आणि घरातील एकुलता फोन नवऱ्याबरोबर कारखान्यात गेलेला असतो. दूरवैद्यकाच्या योजना आखणारे प्रत्येक रोग्याला एक फोन गृहीत धरतात. वस्तीत प्रत्येक घराला एक धरला तरी पुष्कळ. अशा ठिकाणी आशा सेविकेच्या हातातील फोन हाच त्या बाईचा फोन.

दुरून करावयाच्या उपचाराची एक सीमाही स्पष्ट सांगितली पाहिजे. रक्तदाब फार चढलेला असून छातीत कळ, धाप, बोलण्यात अडखळणे, एका अंगाला मुंग्या किंवा अशक्तपणा असे काही असेल तर डॉक्टरला फोन लावून सल्ला घेत बसावयाचे नाही. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावयाचे. गुजरातेत आणि आपल्याकडेही ही गाडी धावते.

परंतु आम्हांला ज्याने खरोखर अस्वस्थ केले ते धाग्याचे दुसरे टोक. सुरतेहून भुसावळकडे जाताना नवापूरचे स्थानक लागते. हे स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते, आणि प्रवासी कौतुकाने एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून छायाचित्र काढून घेतात. खानदेशी मजूर वर्षातून अनेकदा हा बाक ओलांडतो. आखाजीला तो गावी जातो, कानबाईच्या उत्सवाला जातो, लग्नसराईत जातो, शेतात पेरणी-कापणी असली तर महिना-महिना राहतो. केवळ २० दिवसांच्या गोळ्या खिशात असतील तर एकविसाव्या दिवशी तो काय करतो? २०२० च्या तत्त्वांनुसार सुरतेचा डॉक्टर अमळनेरच्या शेतात बसलेल्या त्याच्या रोग्याला फोनवर औषध लिहून देऊ शकतो. त्या बाबतीत राज्याची हद्द पुसली गेली आहे. औषधाच्या बाबतीत ती तशीच आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्य आपली औषधे आपण खरीदते, आपल्या खिडकीवरून आपल्या केसपेपरावर वाटते, आणि कोणत्या पायरीला कोणती गोळी द्यावी याचे कोष्टकही राज्याराज्यांत निराळे असते. चिठ्ठी हद्द ओलांडते, फुकट गोळी ओलांडीत नाही. दुकानातून विकत घेण्याची सोय आहेच. पण ज्याला काही दुखत नाही असा मनुष्य आखाजीच्या खर्चात गोळ्यांचा खर्च कितीसा धरील? गावी चार-सहा आठवडे गोळीवाचून जातात. जेवणात ठेचा, शेवभाजी, आणि पापड तर हवेच. पापडखारात सोडियम असते हे पापड लाटणारीला कोणी सांगितलेले नसते. परत आल्यावर सुरतेत पुन्हा पहिल्यापासून आरंभ, आणि पुष्कळदा आरंभही नाही.

या ठिकाणी गोमंतकीय वाचकांना सुरतेचा प्रश्न परका वाटण्याचे कारण उरत नाही. २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढे आंदोलन उठले होते ते येथील कोणी विसरला नसेल. आपल्या तिजोरीवर आपल्या लोकांचा अधिकार पहिला, हे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण ज्यांच्या लेकी आपल्या घरी आल्या आणि ज्यांच्या घरी आपल्या गेल्या त्यांना खिडकीवर परके ठरविताना कित्येकांना चुकल्यासारखे वाटले, हेही तितकेच खरे. तेव्हा सुरतेला उपदेश करण्याच्या उंचीवर आपण बसलेलो नाही, हे आधी मान्य करू. शिवाय आपल्या घरचेही फार चांगले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, शंभरांत २६ हून अधिक. आणि मधुमेह व रक्तदाब ही जोडी बहुधा एकत्रच बिऱ्हाड करते. त्याच पाहणीत देशाच्या रक्तदाबाचे प्रमाण शंभरांत ३५ च्या वर होते. खारे, लोणची यांवाचून ज्यांचे पावसाळ्यातले जेवण होत नाही अशा आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी हे आकडे दुसऱ्याचे म्हणून वाचू नयेत.

दुरून उपचाराचा अनुभव मात्र आपल्याकडे आहे. २०१८ च्या अखेरीस गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी जी योजना सुरू झाली तिच्यात तालुक्याच्या आरोग्य केंद्रात काढलेला हृदयाचा आलेख तज्ज्ञांकडे यंत्राने पोहोचतो आणि रोग्याला बांबोळीस हलविण्यापूर्वीच उपचाराला आरंभ होतो. काणकोण, सांगे, सत्तरी येथील माणसाला ही गोष्ट केवढी मोलाची आहे हे सांगावयास नको. आमचा प्रश्न इतकाच, की झटका आल्यावर जी तार क्षणात जुळते, ती झटका येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा कां जुळू नये? आणि शेजारच्या सिंधुदुर्गाचा कित्ता तर डोळ्यांसमोर आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील जे जिल्हे निवडले गेले त्यांत महाराष्ट्रातून साताऱ्याबरोबर सिंधुदुर्ग होता. त्यात चमत्कार काहीही नव्हता. मोजकीच ठरावीक औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम, परिचारिकेच्या मोबाइलवर रोग्याची नोंद, आणि ठरल्या दिवशी जो आला नाही त्याला फोन. एवढ्या साध्या रीतीसाठी या उपक्रमाला २०२२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा पुरस्कार मिळाला. रोग्याने डॉक्टरला फोन करावा याची वाट न पाहता दवाखान्याने रोग्याला फोन करावा, ही जी उलटापालट तिच्यातच सगळे मर्म आहे, असे आमचे मत झाले आहे.

सुरतेत हा फोन कोणत्या भाषेत जावा? ही बाब बारीक नाही. “गोळी कां सोडली?” हा प्रश्न परक्या भाषेत आला की तो दरडावणी वाटतो, आणि मनुष्य “घेतो, घेतो” म्हणून मोकळा होतो. लघवीची अडचण, पायांची सूज, मनातली धास्ती ही आपल्या बोलीतच सांगितली जाते. सुरतेच्या बाबतीत आम्हांला आशा वाटते ती यामुळे, की तेथील महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालविते. मराठी मुलांना मराठीतून आणि गंजामहून आलेल्या मजुरांच्या मुलांना उडियातून धडे देण्याचे औदार्य ज्या शहराने दाखविले, त्या शहराला त्यांच्या बापांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या दहा-वीस परिचारिका नेमणे जड जाऊ नये. महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारचे आहे. डॉक्टरांची वाण नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनांनी पट्ट्यांचा आणि बसण्याच्या जागेचा खर्च उचलावा. एक कसबी कारागीर पक्षाघाताने गेला तर त्यांचेही नुकसान होतेच, ते त्यांना हिशेबाच्या भाषेत कळेल.

राहता राहिली ती नवापूरची हद्द. तिच्यासाठी संसदेत कायदा करावयास नको. २०२१ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने जी आरोग्यनोंदींची राष्ट्रीय योजना जाहीर केली तिच्यात प्रत्येक नागरिकाला चौदा आकडी क्रमांक देण्याची तरतूद आहे, आणि लक्षावधी लोकांनी तो घेतलाही आहे. त्या क्रमांकावर सुरतेची चिठ्ठी नंदुरबारच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात उघडावी आणि तेथील खिडकीवर त्याच गोळ्या मिळाव्या, वर्षअखेर दोन्ही राज्यांनी आपापसांत हिशेब मिटवावा. वीज, पाणी, एस.टी.चे परवाने यांचे करार शेजारी राज्ये करीतच असतात. गोळ्यांचा हिशेब त्यांहून मोठा खचित नाही. हे होईपर्यंतचा एक उपाय तर एका परिपत्रकाने होण्याजोगा आहे: ज्याचा रक्तदाब स्थिर आहे अशा रोग्याने गावी जात असल्याचे सांगितले तर त्याला एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्या, आणि तो गावी असताना महिन्याने सुरतेच्या परिचारिकेने त्याला एक फोन करावा. आखाजी वैशाखात येते. तिच्या आधी पंधरा दिवस उधन्याच्या स्थानकावर गर्दी सुरू होते. परिपत्रक काढावयाचे तर ते फाल्गुनात निघाले पाहिजे.